फळीची उलटी बाजू

परीक्षा तोंडावर आली होती आणि मला हॉलची किल्ली हवी होती. एवढंच निमित्त. दुपारचं जेवण झालं, केस वर घट्ट बांधले आणि मी बाईंच्या घरी गेले.

बाई म्हणजे आमच्या बॅलेच्या शिक्षिका. वाळक्या, ताठ, आणि कुणी पाठीला पोक काढून बसलेलं दिसलं की जेवता जेवताही "पाठ!" म्हणून ओरडणाऱ्या. त्यांनी किल्ली दिली, पण लगेच हातातून सोडली नाही.

"दुपारी एकटीच सराव करणार?"

"हो. बाकीच्या संध्याकाळी येतात ना. मला जास्त वेळ हवाय."

"कर. पण दार आतून लावून घेऊ नकोस."

"का हो बाई?"

"पाय मुरगळून पडलीस तर दार फोडावं लागेल, म्हणून," बाई म्हणाल्या आणि किल्ली सोडली. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मी पंधरा वर्षांची होते आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. तोवरच्या परीक्षा पोरखेळाच्या. हात हलवा, हसा, प्रमाणपत्र घ्या. ही इंटरमीजिएट मात्र वेगळी. ही पास झाली की मोठ्या शाळेचं दार किलकिलं व्हायचं. तिथे राहायचं, दिवसभर नाचायचं, पुढे खरोखर रंगमंचावर उभं राहायचं. आधीच्या वर्षी बाईंनी माझं नावच पाठवलं नव्हतं, कारण माझी गिरकी. एका पायाच्या टोकावर उभं राहून दोन फेऱ्या मारायच्या आणि मांजरासारखं अलगद थांबायचं. माझी दीड फेरी व्हायची, तोल मागे टाचेकडे जायचा आणि मी बदकन खाली. लहानपणापासून बाबा मला भिंगरी म्हणायचे. त्या वर्षी ते म्हणाले, "आमची भिंगरी अर्ध्या फेरीची उधारी ठेवते." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आमचा हॉल म्हणजे एके काळचा बर्फाचा कारखाना. यंत्रं कधीच गेली होती, पण गारवा गेला नव्हता. भर उन्हात आत शिरलं तरी कुणीतरी मानेवर ओला हात ठेवावा तसं वाटायचं. खाली फरशी, तिच्यावर आडवी लाकडं आणि त्यांच्यावर फळ्या. मधे वीतभर पोकळी. नाचाच्या जमिनीला अशी पोकळी लागते, त्याने उडीचा हादरा गुडघ्यात बसत नाही. भिंतीला लांबलचक आरसा, त्याच्यासमोर धरायचा लाकडी दांडा, कोपऱ्यात पियानो. आणि सगळीकडे राळेचा वास. बूट घसरू नयेत म्हणून आम्ही टोकांना राळेची भुकटी चोळायचो. तो आंबूस, झाडासारखा वास अजूनही कुठे आला की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात.

त्या पहिल्या दुपारी मी पॉइंट शूज बांधले. टोकाशी लाकडासारखे कडक असतात ते बूट, त्यांच्यावरच उभं राहायचं असतं. अंग गरम केलं आणि हॉलच्या मधोमध जाऊन गिरकीला सुरुवात केली. पडले. पुन्हा केली. पुन्हा पडले. तळपाय जळायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. "जमत कसं नाही मेलं!" मी मोठ्याने म्हणाले आणि पुन्हा पवित्रा घेतला.

तेव्हा खालून टकटक झाली.

अगदी हलकी. बोटाच्या पेराने दार वाजवावं तशी. माझ्या उजव्या पायाच्या चवड्याखाली, बरोब्बर मधोमध.

उंदीर असेल, असं मी मनात म्हटलं. पण पायाने मनाचं ऐकलं नाही. ज्या जागी टकटक झाली होती, तिथेच सगळा भार नेमका जाऊन बसला. मी वर उठले, फिरले, आरसा एकदा डोळ्यांसमोरून गेला, दुसऱ्यांदा गेला, आणि मी थांबले. उभी होते. दोन फेऱ्या झाल्या होत्या!

मी किंचाळलेच. आनंदाने. एकटीच टाळ्या वाजवत हॉलभर धावले. मग परत येऊन त्याच जागी उभी राहिले आणि श्वास रोखला.

टक.

पुन्हा दोन फेऱ्या.

खरं सांगायचं तर त्या दुपारी मला भीती वाटायला हवी होती. पण वर्षभर जे जमलं नाही ते जमायला लागलं, की माणूस भीतीला दाराबाहेर चपलांपाशी बसवतो. मी घरी गेले ती उड्या मारतच. आई बेकरीतून दमून आली होती. तिला ओट्याशी उभं करून, भांडी बाजूला सारून मी गिरकी दाखवली. घरी टकटक नव्हती, त्यामुळे दीडच फेरी झाली आणि मी पिठाच्या डब्यावर आदळले. तरी आई म्हणाली, "आधीपेक्षा सरळ पडलीस हो."

मग रोज दुपारी मी हॉलवर जाऊ लागले. खालची ती... मी तिला 'खालची' म्हणायला लागले होते... ती रोज असायची. मी दांड्याशी उभी राहिले की तीही येऊन उभी राहते, हे मला तळव्याला कळायचं. भार मागे गेला की पुढे टक. गुडघा आत वळला की बाहेरच्या कडेला टक. कधी चुकून हात वाईट गेला तर काहीच नाही. हातांचं तिला काही पडलेलं नव्हतं. आणि उडीच्या वेळी तर काय सांगू. मी हवेतून खाली यायचे, आणि माझे पाय टेकायच्या क्षणी खालूनही कुणाचे तरी टेकायचे. फळीच्या दोन बाजूंना दोघी. पायाला पाय लावून.

एका संध्याकाळी वर्ग संपल्यावर पियानोवाले काका पियानोचं झाकण लावत होते. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकूच यायचं नाही, पण उजवा कान असा की दुसऱ्या खोलीत पडलेली टाचणी त्यांना सापडायची.

"तुझ्या उड्या सुधारल्या," ते म्हणाले.

"खरंच, काका?"

"हो. फक्त... दोनदा वाजतात."

"दोनदा?"

"एकदा तुझी. आणि तिच्या अंमळ आधी एक." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हाताऱ्याचे कान. तू मनावर घेऊ नकोस." एवढं बोलून ते टोपी चढवून निघाले. रोज बसस्टॉपपर्यंत सोबत येणारे काका त्या दिवशी माझ्यासाठी थांबले नाहीत.

बाईंनी माझी गिरकी पाहिली आणि नाव पाठवलं. वर्गातल्या सगळ्यांनी मला उचलून धरलं. ते आठवडे मी चालले असं मला आठवतच नाही, मी तरंगतच होते. आई माझ्या बुटांच्या टोकांना दोऱ्याने जाळी विणून देत होती, बाबा जेवताना मला नाचातल्या पावलांची नावं विचारून मुद्दाम चुकीची म्हणून दाखवत होते. घरात लग्न असावं तशी धांदल होती.

आणि मग ती दुपार आली.

बाहेर ढग भरून आले होते, खिडक्यांमधून राखाडी उजेड येत होता. मी बराच वेळ सराव केला होता आणि बुटाच्या आत अंगठ्याशी ओलसर लागत होतं. पुरे आजचं, असं ठरवून मी टाच खाली टेकवायला गेले.

टाचेखाली धाडकन ठोका बसला.

एवढा जोरात तो कधीच आला नव्हता. टाच आपोआप वर उडाली. मी दुसरी टेकवायला गेले. तिच्याखालीही ठोका.

"पुरे," मी म्हणाले. "दमले मी."

टक. चवड्याखाली. पुन्हा टक. मला माहीत होतं ती काय म्हणते आहे. *फीर.*

मी फिरले. दोन फेऱ्या. लगेच टक. पुन्हा दोन. मग तीन... तीन फेऱ्या मी जन्मात मारल्या नव्हत्या. मी घाबरले होते, आणि तरीही छातीत एक विलक्षण आनंद उसळत होता, इतका की मी रडत होते की हसत होते ते आरशातही कळेना. टाच खाली नेली की ठोका. थांबले की ठोका. खालून पावलं माझ्या पावलांना चिकटलेली, आणि फळीतून वर येणारा तो गारवा घोट्यांना विळखा घालून चढत, चढत...

"दिवा का नाही लावलास?"

दारात बाई उभ्या होत्या. ठोके थांबले. मी होते तिथेच बसकण मारली. बाई धावत आल्या, त्यांनी माझे बूट सोडले आणि रक्त पाहून त्यांचा चेहरा उतरला. पण त्या मला रागावल्या नाहीत. त्या फळ्यांकडे पाहत होत्या. मी जिथे नाचत होते, तिथल्या फळ्यांचे खिळे नखभर वर आले होते. सगळे.

"तुझ्या बाबांना बोलावून घेते उद्या," एवढंच त्या म्हणाल्या.

बाबा सुतार. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन ते आले. सोबत मीही होते, पायांना पट्ट्या बांधून. "खिळे असे आपोआप वर येतात का, बाबा?" मी विचारलं.

"लाकूड फुगतं, आकसतं. ओल असेल खाली." त्यांनी पकडीने खिळे उपटले आणि हातभर लांबीची ती फळी सैल केली. आत बॅटरी मारली. ओल नव्हती. वर्षानुवर्षांची धूळ साचलेली होती, राखाडी, मऊ, गोधडीसारखी जाड. तिच्यावर कसलाही ठसा नव्हता. उंदराचासुद्धा नाही.

"बघ, काही नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी फळी पालथी केली.

मग त्यांनी ती उजेडाकडे धरली.

फळीची खालची बाजू कधी कुणी रंधत नाही. ती खरबरीतच असते, करवतीच्या रेघा तशाच राहतात. ही बाजू मात्र वापरून वापरून गुळगुळीत झाली होती, काठीच्या मुठीसारखी. आणि तिच्यावर खळगे होते. छोटे, गोल, एकाला एक लागून. पॉइंट शूजची टोकं वर्षानुवर्षं एकाच जागी टेकली की असे खळगे पडतात. वरच्या बाजूला होते, तसेच. बाबांनी एका खळग्यात बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"राळ," ते अगदी हळू म्हणाले.

"बाबा, मी सांगणारच होते तुम्हाला, ती मला..."

"इथे नको." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "घरी बोलू."

घरी मी सगळं सांगितलं. बाबा हसले नाहीत. मी परीक्षेपर्यंत हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मी आकांत केला. "तिच्याशिवाय मला दीडच फेरी येते! तुम्हाला मी नापास व्हायला हवंय का?"

"फिरताना पाय कुणाचे असतात गं?" बाबांनी विचारलं. "तुझे ना? मग शिकले असतील ते एवढ्या दिवसांत. ते काय दगडाचे आहेत?"

उरलेले दिवस मी स्वयंपाकघरात सराव केला. ओटा हाच माझा दांडा. आईने फडताळातले डबे हलवून जागा केली होती. खालून काही येत नव्हतं. कान तळव्यात आणून मी वाट पाहायचे, मग स्वतःच मनात म्हणायचे, टक. कधी जमायचं, कधी नाही.

परीक्षा शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या सभागृहात होती. सकाळी बाईंनी माझ्या केसांत इतक्या पिना खोचल्या की डोळे ताणले गेले. शर्यतीआधी घोडा पाय आपटतो तसं माझं चाललं होतं. दार उघडलं. काकांनी पियानोवरून डोळा मारला. मी आत धावत गेले.

टेबलामागे परीक्षक बाई बसल्या होत्या. खूप वयस्कर, पांढरे केस, तोंडावर मंद हसू. एकच गोष्ट जरा विचित्र वाटली. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले होते. शेवटपर्यंत ते जमिनीला लागले नाहीत.

गिरकीची वेळ आली. मी पवित्रा घेतला. खाली शांतता. कुणी नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की मी एकटी आहे, आणि त्या विचारासरशी अंगातून जी वीज गेली ती अजून आठवते. मी वर उठले. एक फेरी. दोन. आणि थांबले, अलगद, मांजरासारखी. माझी, फक्त माझी गिरकी! काकांचा सूर आनंदाने अर्धी मात्रा पुढे पळाला.

परीक्षा संपून मी बाहेरच्या ओसरीत बूट सोडत होते. बाबा पाणी आणायला गेले होते. परीक्षक बाई काठी टेकत बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या. बसताच पाय वर.

"छान नाचलीस," त्या म्हणाल्या. "तू त्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात शिकतेस ना?"

"हो!"

"मीही तिथेच शिकले. तुझ्याएवढी होते." त्यांचा आवाज खाली आला. "भार कुठे टाकायचा ते तुला बाईंनी नाही शिकवलं."

बुटाची फीत माझ्या हातात तशीच राहिली. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलंच असावं.

"घाबरू नकोस. मला एवढंच सांग... तिने तुला अजून खाली बोलावलं नाही ना?"

"खाली? नाही... म्हणजे कसं बोलावते ती?"

तेवढ्यात बाबा पाण्याची बाटली घेऊन आले. परीक्षक बाई उठल्या, माझ्या गालावर हात ठेवला, तो हात गार होता, आणि भिंतीच्या कडेकडेने हळूहळू निघून गेल्या.

मी बाबांना काही सांगितलं नाही. सगळे इतके आनंदात होते! बसमध्ये काका शीळ घालत होते, बाईंनी चक्क सर्वांसाठी आइस्क्रीम घेतलं. उलटी फळी, ठोके, सगळं मला दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं. संध्याकाळी उजेड असतानाच बाबा हॉलवर जाऊन आले. जुनी फळी काढल्यापासून उघडी असलेली ती जागा त्यांनी नव्या फळीने बंद केली. खिळे नाहीत, लांब स्क्रू मारले. घरी येऊन हात धुताना म्हणाले, "आता हत्ती नाचला तरी हलायची नाही." माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

"फळी बसवायला कधी येताय?"

"बसवली ना काल," बाबा म्हणाले.

बाई म्हणाल्या, "तुम्ही या जरा."

बाबा मला नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. हॉलच्या सगळ्या खिडक्यांतून ऊन आलं होतं. इतका लख्ख, इतका सुंदर हॉल मी कधी पाहिला नव्हता. बाई दाराशीच उभ्या होत्या.

नवी फळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. कुठे तडा नाही, कुठे ओरखडा नाही. तिच्या पुढच्या-मागच्या फळ्याही तशाच, एकीला एक लावून नीट उभ्या. त्यामुळे जमिनीतली ती जागा आता हातभर राहिली नव्हती. ती अरुंद होती आणि लांब होती.

आम्ही पुढे होऊन आत डोकावलो. धूळ नव्हती. कणभरसुद्धा नाही. पाहुणा यायचा असला की आपण खोली झाडून पुसून ठेवतो, तशी ती पोकळी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ केलेली होती.

"हे... कुणी झाडलं?" बाईंनी विचारलं.

बाबांनी सवयीने खिशातून मोजपट्टी काढली, पोकळीच्या कडेशी वाकले, पट्टी थोडी ओढली. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत. आणि माप न घेताच पट्टी परत खिशात टाकली.